जिनवाणीचं लोखंडी कपाट

चातुर्मास लागल्यापासून सदलग्यात धोंडूबाईच्या फोनची तब्येत हा बायकांच्या बोलण्यातला कायमचा विषय होऊन बसला होता. मंदिरातून बाहेर पडताना चपला पायात सरकवता सरकवता कुणी ना कुणी विचारायचंच, "काय धोंडूआक्का, आज चालला का अडकला?" आणि स्वतःचे गुडघे दुखतात हे डॉक्टरलासुद्धा धड न सांगणारी धोंडूबाई फोनचं दुखणं मात्र पायरीवर उभी राहून सगळ्यांना सविस्तर सांगायची. आज मंगलाचरण नीट ऐकू आलं, मग चक्र फिरायला लागलं, मग मधलंच एक वाक्य आलं, मग पुन्हा चक्र. बायका हळहळायच्या. एखादी म्हणायची की आमच्या फोनवर तर सरळ चालतंय बाई. ते ऐकून धोंडूबाईच्या कपाळावर आठी पडायची आणि ती तडक घराकडं चालू लागायची.

फोनवर प्रवचनं ऐकणाऱ्या बायका गावात रगड आहेत. पण धोंडूबाई ऐकायची ते प्रवचन आर्यिका सुधैर्यमती माताजींचं, आणि सुधैर्यमती माताजी म्हणजे दीक्षेच्या आधीची त्रिशला, धोंडूबाईच्या पोटची पोर. वीसेक वर्षांमागं तिनं स्वतःच्या हातानं डोईवरचे केस उपटून काढले, पांढरी साडी नेसली, मोरपिसांची पिंछी हातात घेतली आणि अनवाणी चालायला लागली, ती आजवर चालतेच आहे. साध्वीला घर नसतं, फोन नसतो आणि नातंही नसतं. माताजींचा संघ एकदा कुंभोजला आला होता तेव्हा धोंडूबाई दर्शनाला गेली. गर्दीत वाकून नमस्कार केला, इतर बायकांना मिळाला तेवढाच आशीर्वाद तिलाही मिळाला आणि ती परत आली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

यंदा माताजींचा चातुर्मास लांब बुंदेलखंडातल्या एका गावात होता. तिथल्या तरुण पोरांनी हौसेनं 'श्रुतधारा' नावाचं अॅप काढलं आणि रोज सकाळी प्रवचनाचा नुसता आवाज त्यावर सोडायला सुरुवात केली. चित्र नाही, कारण कॅमेऱ्याला माताजींनी साफ नकार दिला होता. रेकॉर्डिंगलाही मनाई होती. साठवून ठेवलेलं कुणी ऐकत नाही, नुसतं साठवतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं ऐकायचं तर त्या वेळी, नाहीतर गेलं. श्रेयांसनं, म्हणजे धोंडूबाईच्या थोरल्या मुलानं, बेळगावहून येऊन ते अॅप आईच्या फोनवर घालून दिलं, आणि पहिल्या सकाळी तो आवाज घरात आला तेव्हा धोंडूबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आवाज भरला होता, थोडा घोगराही झाला होता, पण 'तर मग' म्हणताना मध्येच श्वास घ्यायची लकब तीच होती. वाक्य संपायच्या आतच फोन अडकला.

त्या दिवसापासून जे सुरू झालं त्यानं सगळ्या घराच्या नाकी नऊ आणले. श्रेयांस बेळगावात एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. त्यानं आधी फोनवरून सांगितलं, "आई, बंद करून चालू कर." तिनं केला. मग बाकीची अॅपं बंद करायला सांगितली. तिनं एकेक वर सरकवून फेकून दिली, त्यात अलार्मही गेला. मग अॅपमध्ये साठलेला कचरा पुसायला लावला, अॅप काढून पुन्हा घालायला लावलं, आवाजाची क्वालिटी सगळ्यात खालची ठेवायला लावली, विमानाचं चित्र दाबून परत काढायला लावलं. धोंडूबाईनं प्रत्येक गोष्ट चष्मा लावून, ओठ हलवत वाचून, जशी सांगितली तशी केली. काही उपयोग झाला नाही. मग दुसऱ्या कंपनीचं सिम आलं. तेही अडकलं. शेवटी बाहेरच्या सोप्यात वायफायची पेटी आली, हिरवे दिवे लुकलुकायला लागले, जिनदत्तआप्पांना, म्हणजे धोंडूबाईच्या नवऱ्याला, त्यावर दिवसभर बातम्या बघायची सोय झाली, आणि सकाळी प्रवचनाच्या वेळेला चक्र फिरायचं ते फिरतच राहिलं.

एका रविवारी श्रेयांस मुद्दाम आला. सोप्यातल्या खुर्चीत बसून त्यानं आईचा फोन हातात घेतला, कुठलंसं भजन लावलं आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न अडखळता वाजलं. दुसरं लावलं, तेही वाजलं. त्यानं फोन बाजूला ठेवला आणि शहरात राहून आलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "आई, फोनला काहीही झालेलं नाही. तूच काहीतरी दाबत असशील."

"मी काय दाबतो रं?" धोंडूबाई म्हणाली. "तुझ्या बाच्या साखर कारखान्याचे मेसेजबी मीच वाचून दावतो. बँकेचा आकडा मीच घालतो. मी दाबतो म्हणं."

तिला ते फार लागलं. फोन अडकतो याचं दुःख होतंच, पण आता त्यात अपमानही मिसळला. धोंडूबाई चौथीपर्यंत शिकलेली, पण हिशेबाला आणि हुशारीला गावात कुणाला हार न जाणारी बाई. तिच्या हातून चुकत असेल असं तिच्या घरात, तिच्या तोंडावर, तिच्याच मुलानं म्हणावं हे तिच्या मानी स्वभावाला झेपणारं नव्हतं. त्या दिवशी श्रेयांस परत जायला निघाला तेव्हा तिनं डब्यात लाडू भरून दिले, पण बोलली मोजकंच.

आता खरी गोष्ट अशी की चूक होत होती. पण ती अशी चूक होती की जी त्या घरातल्या कुणालाच चूक म्हणून दिसणं शक्य नव्हतं. ज्या घरात तीन पिढ्या शास्त्र वाचलं जातं, त्या घरात जिनवाणी, म्हणजे जिनांच्या वचनांचे ग्रंथ, कुठं ठेवायची हा प्रश्नच कुणी विचारत नाही. ती जमिनीवर नाही, खाटेवर नाही, जिथं आपण जेवतो त्या टेबलावर तर नाहीच. ती वेष्टनात गुंडाळायची आणि उंच, स्वच्छ, बंद जागी ठेवायची. आणि माताजींच्या मुखातून येते ती जिनवाणी नाही तर काय? म्हणून धोंडूबाई रोज आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, फोनवर प्रवचन लावायची, फोन केशरी वेष्टनात गुंडाळायची, आणि मधल्या खोलीतल्या जिनवाणीच्या कपाटात, सगळ्या ग्रंथांच्या वरच्या फळीवर ठेवून द्यायची. धूळ, माशी, मांजर यांनी अविनय होऊ नये म्हणून दार वीतभरच उघडं ठेवायची. मग समोर पाटावर हात जोडून बसायची.

हे कपाट जिनदत्तआप्पांचा जीव की प्राण. पूर्वी तिथं लाकडी होतं. वाळवी लागली आणि आजोबांच्या हातचं एक शास्त्र अर्धं खाऊन गेली. आप्पांनी तेव्हाच शपथ घेतल्यासारखं केलं. इचलकरंजीहून कारागीर आणला, जाड लोखंडी पत्र्याचं कपाट हातभर रुंदीच्या काळ्या दगडी भिंतीत बसवून घेतलं, मागं पत्रा, खाली पत्रा, वर पत्रा. पाहुणा आला की अजूनही आप्पा त्याला ते दाखवतात, दारावर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि म्हणतात, "वाळवीच्या बापालाबी आत शिरता यायचं न्हाय."

प्रवचन अडकलं की धोंडूबाई उठायची, फोन बाहेर काढायची आणि आप्पांना दाखवायला सोप्यात यायची. सोप्यात येईपर्यंत आवाज आपोआप सुरू झालेला असायचा. "झालं की चालू," आप्पा म्हणायचे. "झालं बाई," ती म्हणायची, आणि समाधानानं परत नेऊन कपाटात ठेवायची. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण औषध पिऊन ताप उतरला की आपणही गादीवरून उठतोच ना, तसं ते होतं. फोन बरा झाला, आता त्याला त्याच्या जागी ठेवायला नको? असा सगळा चातुर्मास गेला. धोंडूबाईच्या वाट्याला आली ती सुरुवात आणि शेवट नसलेली वाक्यं. तीच ती दिवसभर भाजी निवडताना जोडत बसायची.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आणि माताजींच्या शेवटच्या प्रवचनाचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी संघ विहाराला, म्हणजे पायी पुढच्या वाटेला, निघणार होता. वाटेवर ना ती चातुर्मासाची कमिटी, ना तो माईक, ना अॅप. पुन्हा आवाज कधी ऐकायला मिळेल, मिळेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. सदलग्याहून बरीच मंडळी बस करून तिकडं दर्शनाला गेली होती. धोंडूबाईलाही जायचं होतं, पण डॉक्टरांनी गुडघे बघून एवढ्या लांबच्या प्रवासाला नाही म्हटलं होतं. पहाटेपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. बाकी सगळे दिवस गेले ते गेले, आजचं एक प्रवचन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अखंड ऐकू यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तिनं आंघोळ केली, दर्शन करून आली, फोन पुसला. अॅपवर अजून नुसती शांतता होती. प्रवचनाला वेळ होता. पण आज हयगय नको म्हणून तिनं फोन आधीच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवला, दार वीतभर उघडं ठेवलं आणि पाटावर येऊन बसली.

तेवढ्यात सोप्यात आप्पांचा फोन वाजला. आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात आणि स्वतःही ओरडूनच बोलतात. श्रेयांसचा फोन होता.

"आप्पा, आईला सांगा अॅप पुन्हा एकदा बंद करून चालू कर म्हणून. तिचा फोन लागेना."

"प्रवचनाला बसलीया ती."

"बसली असली तरी वाजायला तर पाहिजे. रोज सकाळी याच वेळेला तिचा फोन नॉट रीचेबल येतोय. बाकी दिवसभर लागतोय. सकाळीच काय होतंय कळेना."

पाटावर बसलेल्या धोंडूबाईनं हे सगळं ऐकलं आणि तिचे जोडलेले हात सुटले. श्रेयांस रोज सकाळी फोन करतो? आपल्याला तर एकदाही वाजलेला ऐकू आला नाही. तिला आजवर वाटत होतं की गोंधळ त्या अॅपचा आहे, नाहीतर तिकडच्या कमिटीचा. पण श्रेयांसच्या फोनला अॅपशी काय देणंघेणं? तो बेळगावहून येतो, माताजी बुंदेलखंडातून येतात, आणि दोघंही एकाच वेळेला, एकाच जागी येऊन अडकतात. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते फार लांब नव्हतं. ती टक लावून त्या कपाटाकडं बघत राहिली.

मग ती उठली. सोप्याच्या दारात येऊन म्हणाली, "आवं, त्याला म्हणावं परत लाव माझा फोन. लगीच."

आप्पांनी सांगितलं. धोंडूबाईनं कान मधल्या खोलीकडं लावला. कपाटातून काहीच आवाज आला नाही. आप्पांच्या फोनवर श्रेयांस म्हणाला, "नाही लागत."

धोंडूबाई मधल्या खोलीत गेली, वेष्टनासकट फोन उचलला आणि सोप्यात आली. "आता लाव म्हणावं." वेष्टनाच्या आत फोन वाजायला लागला. तिनं तो वाजत असतानाच परत कपाटात नेऊन ठेवला आणि तो कट झाला. बाहेर आणला. "लाव." वाजला.

"श्रेयांस," ती आप्पांच्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "सापडलं बघ. मी काय दाबत नव्हतो."

"काय होतं?"

"मागनं सांगतो. आता फोन करू नगंस. माताजी बसायची वेळ झाली."

आप्पा मात्र अजून गोंधळलेलेच होते. "कपाटाला काय झालं?" त्यांनी जरा दुखावल्या स्वरात विचारलं.

"कपाटाला काय बी झाल्यालं न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "वाळवी शिरत न्हाय, तसं हे बी शिरंना झालंय. तुमचं काम पक्कं हाय."

हे कौतुक की टोमणा हे आप्पांना ठरवता येईना. तोवर फोनमधून मंगलाचरण सुरू झालं. तिकडची कुणीतरी मुलगी गात होती. आवाज स्वच्छ, एकही खंड नाही. आता प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. कारण सापडलं, पण फोन ठेवायचा कुठं? आप्पांनी टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं. "इथं ठेव."

"तिथं तुमी च्या पिता."

"मग खुर्चीवर."

"जिनवाणी खुर्चीवर ठेवू? बुडाखाली घ्यायच्या जागी?"

"मग हातात धर."

तिनं धरला. पण सोप्यात बाहेरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, एकामागून एक, आणि त्यांच्या गाण्यांचा दणका असा की मंगलाचरणाचा अर्धा भाग त्यात बुडून गेला. ही तर दुसरीच आफत. चार महिने आवाज फोनपर्यंत पोचत नव्हता, आज फोनपर्यंत आला तर कानापर्यंत पोचेना. धोंडूबाईनं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा गच्चीच्या जिन्याकडं बघितलं. मग तिनं फोन त्याच्या केशरी वेष्टनासकट कपाळाला लावला आणि डोक्यावर ठेवला. मंदिरात शास्त्र दुसरीकडं न्यायचं असलं की असंच नेतात, डोक्यावर घेऊन, एका हाताचा आधार देऊन. त्यात अविनय नाही. उलट तीच सगळ्यात मानाची जागा आहे. दुसऱ्या हातानं कठडा धरून ती गच्चीचा जिना चढू लागली.

"अगं तुझं गुडघं," आप्पा खालून म्हणाले.

"असू द्यात," ती म्हणाली.

प्रत्येक पायरीला गुडघ्यातून कळ येत होती आणि प्रत्येक पायरीला डोक्यावरचा आवाज आणखी मोकळा होत होता. गच्चीवर ऊन कोवळं होतं. लांब दूधगंगेच्या काठापर्यंत ऊस पसरला होता, आणि ट्रॅक्टरची गाणी खालीच राहिली होती. शेजारच्या गच्चीवर अक्काताई भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. अक्काताई ही धोंडूबाईच्या बरोबरीची, तोंडानं फटकळ, पोटात काही न ठेवणारी बाई. तिनं मान वर केली.

"अगं आक्का, डोस्क्यावर काय घेतलंयस?"

धोंडूबाईनं बोटानं गप्प राहायची खूण केली. माताजींचं बोलणं सुरू झालं होतं.

आधी थोडा वेळ हिंदीत झालं, नेहमीसारखं. चातुर्मास सांभाळणाऱ्या गावाला आशीर्वाद, व्रतं घेतलेल्यांना चार शब्द. मग माताजी थांबल्या. धोंडूबाईला वाटलं, पुन्हा चक्र फिरायला लागलं की काय. पण नाही, तो अडकलेल्या फोनचा थांबा नव्हता, माणसाचा होता. मागं मंडपातली कुजबूज ऐकू येत होती. आणि मग त्याच आवाजात, पण वीस वर्षांत त्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशा बोलीत, माताजी बोलू लागल्या.

"आज सदलग्याकडची मंडळी आल्यात. म्हणून थोडं त्यांच्या बोलीत बोलते. काल त्यांच्यातल्या एकानं इचारलं, माताजी, तुमचा पैला गुरू कोण? दीक्षा ज्यांनी दिली त्यांचं नाव मी रोज घेते. पण पैला गुरू त्याच्याबी आधीचा हाय. साधूला नातं नसतंय. म्हणून नात्यानं सांगत न्हाय. एक श्राविका होती, असं समजा."

धोंडूबाईनं कठड्याला हात टेकला.

"दीक्षेच्या दिवशी मंडपात घरच्यांना उभं करून आज्ञा मागत्यात. देता का, म्हणून. समद्या गावासमोर. माझ्या मागं समदी रडत हुती. बाप्ये माणसंबी रडत हुती. त्या श्राविकेला इचारलं, आज्ञा देता? तिच्या डोळ्यांत टिपूस न्हवतं. 'दिली' म्हणाली. एकच शब्द. गाव म्हणालं, दगडाचं काळीज हाय बाईचं. ते माझ्याबी कानावर आलं. खरं सांगते, तवा मलाबी तसंच वाटलं."

शेजारच्या गच्चीवर शेंगा पसरणारे हात थांबले. दगडाचं काळीज हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाला होता ते अक्काताईला चांगलं आठवत होतं. धोंडूबाईलाही आठवत होतं, पण तिनं तिकडं बघितलं नाही.

"पुढं चालायला लागले. उन्हातनं, काट्यातनं. बरोबरीच्या काही जणी मागं फिरल्या. मी इचार करायची, माझे पाय कसे डगमगत न्हाईत? मी काय त्यांच्यापेक्षा मोठी न्हाय. मग एका चातुर्मासात बसल्या बसल्या ध्यानात आलं. त्या दिवशी ती बाई रडली असती, तर मी वळून बघितलं असतं. आणि एकदा वळून बघितलेला माणूस पुढं दर वळणावर वळून बघतोय. तिनं मला वळू दिलं न्हाय. आपलं रडणं तिनं गिळलं, माझ्या पायांसाठी. वाट मी चालते, पण ती सरळ केली तिनं. ती आज ऐकत असंल का न्हाय मला ठावं न्हाय. ठावं करून घ्यायचंबी न्हाय. पण इचारलासा म्हणून सांगितलं. माझा पैला गुरू ती."

वीस वर्षं. वीस वर्षं धोंडूबाईनं ही गोष्ट कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ नाही, देवासमोरही नाही. आपण रडलो तर पोरीचा पाय मागं ओढला जाईल, हे तिला त्या मंडपात लखलखीत कळलं होतं. म्हणून तिनं दातांखाली जीभ धरली आणि 'दिली' म्हणाली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. मग गाव काय वाटेल ते बोललं आणि तिनं बोलू दिलं. आपलं आपल्याला ठाऊक, एवढ्यावर ती राहिली. आणि आता कळलं की ते आणखी एका माणसाला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असायला हवं होतं, नेमकं त्यालाच.

प्रवचन पुढं चालू राहिलं. पुन्हा हिंदीत, जन्म-मरणाचं, कर्माचं. धोंडूबाईनं ते सगळं ऐकलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या जयजयकारापर्यंत. एकही अक्षर गळालं नाही. डोक्यावर धरलेला हात भरून आला होता, गुडघे ठणकत होते, पण तिनं फोन खाली उतरवला नाही. ती उभी होती ती मान ताठ करून. डोक्यावर ओझं असलं की मान ताठच ठेवावी लागते. पण कुणी बघितलं असतं तर त्याला कळलं असतं की ही बाई नुसत्या ओझ्यापायी अशी उभी नाही.

जयजयकार संपला आणि फोन शांत झाला. अक्काताई कठड्यापाशी आली. तिच्या पदराला शेंगांची माती लागली होती.

"आक्का," ती म्हणाली. "मी त्या टायमाला लई बोललो व्हतो तुला."

"व्हय," धोंडूबाई म्हणाली. "बोलली व्हतीस."

"काय म्हणू आता?"

"काय म्हणू नगं. ऐकलंस न्हवं? बास."

खाली यायला वळली तेव्हा आप्पा जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर येऊन बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं होतं, आणि ते मनसोक्त रडत होते. मंडपातही ते असेच रडले होते. धोंडूबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हळूच त्यांच्या बाजूनं उतरून आत गेली. वेष्टन सोडून नीट घडी केलं आणि कपाटात ग्रंथांशेजारी ठेवलं. फोन मात्र ठेवला नाही.

"ते कपाट काढून टाकूया काय?" मागोमाग आलेल्या आप्पांनी डोळे पुसत विचारलं.

"कशाला? पोथ्यांना त्याच्यासारखं दुसरं काय न्हाय," ती म्हणाली.

दुपारी श्रेयांसचा फोन आला. आता तो पहिल्या घंटेला उचलला गेला. लोखंडी पत्रा, दगडी भिंत, दोघांनी मिळून रेंज कशी खाल्ली, हे तिनं त्याला सावकाश, एखाद्या पोराला पाढा शिकवावा तसं समजावून सांगितलं. "मी कधी विचारलंच नाही, तू फोन ठेवतेस कुठं," तो म्हणाला. "आई, तू हे एकटीनं शोधलंस?"

"मग कुणी?" धोंडूबाई म्हणाली. "बेळगावात कुणाचं अडकत असलं तर सांग त्यास्नी. आधी बघा म्हणावं, फोन कुठल्या कपाटात हाय."

संध्याकाळी ऊन कलायच्या आत जेवणं उरकली. धोंडूबाई रोजच्यासारखी मंदिरात प्रतिक्रमणाला बसली. दिवसभरात घडलेले दोष एकेक करून आठवायचे आणि त्यांची क्षमा मागायची, हा तिचा लग्नापासूनचा नेम. चालताना पायाखाली जीव गेला असेल, मिच्छा मे दुक्कडं. नवऱ्याला वाकडं बोलले असेन, मिच्छा मे दुक्कडं. मग आले क्रोध, मान म्हणजे अभिमान, माया म्हणजे कपट, आणि लोभ हे चार. आज क्रोध झाला होता, सकाळी ट्रॅक्टरवाल्यांवर. त्याची तिनं क्षमा मागितली. लोभही झाला होता, ते प्रवचन संपू नये असं वाटत होतं. त्याचीही मागितली. मायेचीही मागितली.

मान उरला. तो तर सकाळपासून तिच्या अंगात भरून राहिला होता, गच्चीवर, जिन्यात, जेवताना, आणि आत्ता इथं बसतानाही. दोष होता हे तिला ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले, हात जोडले, ओठ उघडले. समोर वेदीवर दिवा तेवत होता, शेजारच्या बायका आपापली पापं पुटपुटत होत्या. मग ओठ मिटून धोंडूबाईनं मस्तक जमिनीला टेकवलं आणि उठली. त्या एका दोषाची क्षमा तिनं मागितली नाही.